गाडीत जळक्या ऑइलचा वास येतोय? आधी तो कधी येतो ते बघा

सिग्नलला गाडी थांबली की मिनिटभरात करपट वास, आणि सिग्नल सुटून जरा स्पीड घेतला की वास गायब. माझ्या गाडीत हे दोनेक महिने चाललं होतं. आधी मी पुढच्या ट्रकच्या नावावर बिल फाडलं, मग रस्त्याच्या डांबरावर, शेवटी एका मेकॅनिकला दाखवलं तर त्याने बॉनेटही न उघडता सांगितलं की रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्यात, इंजिन खोलायला लागेल. निघालं काय, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या कव्हरचं, पॅकिंग. एक रबरी पट्टी!

आता थांबल्यावरच वास का येतो? एसी-ब्लोअरला बाहेरची हवा बहुतेक गाड्यांमध्ये पुढच्या काचेच्या खालच्या कडेपासून मिळते, म्हणजे बॉनेट जिथे संपतं तिथून. गाडी पळत असताना इंजिनजवळचा धूर वाऱ्याबरोबर खालून मागे निघून जातो, पण थांबली की तीच गरम हवा वर चढते, बॉनेटच्या फटीतून निघते आणि थेट ब्लोअरच्या तोंडात जाते. म्हणून पहिली टेस्ट अगदी फुकटची, रिसर्क्युलेशनचं (बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं) बटण दाबा आणि थोडा वेळ थांबा, वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुतेक बॉनेटखालूनच येतोय.

बरं, इंजिनातलं ऑइल तर तसंही गरमच असतं, मग ते जळत कसं नाही? कारण चालत्या इंजिनात ते साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअसला फिरत असतं, आणि त्याच्या वाफा पेट घेण्याइतक्या व्हायला 200 च्या वर जावं लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा पाइप) मात्र लोड आला की सहज 400-500 अंशांच्या पुढे जातो. त्यावर वरून एक थेंब पडला की त्यातले हलके रेणू लगेच वाफ होतात, मोठे रेणू तुटतात आणि त्यातून आल्डिहाइडसारखी तिखट वासाची संयुगं तयार होतात, शिवाय ऑइलमध्ये झीज कमी करायला घातलेली गंधक आणि फॉस्फरसवाली रसायनं असतात ती वेगळीच. नाकाला यातलं अगदी नखभर पुरतं. त्यामुळे डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे म्हणजे लीक नाही, हा समज सोडून द्या, अधूनमधून एखादा थेंब पडला तर महिनाभर लेव्हलवर काही कळणारही नाही पण वास मात्र रोज येईल.

रिंगांचं प्रकरण वेगळं असतं. तिथे ऑइल सिलेंडरच्या आत जळतं आणि धूर सायलेन्सरमधून निघतो, म्हणजे वास तुमच्यापेक्षा मागच्या गाडीवाल्याला जास्त. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर एकदाच निळसर धुराचा भपका आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबर), कारण रात्रभरात ऑइल तिथून झिरपून खाली उतरलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर आला तर रिंगा किंवा टर्बोचं सील. त्या मेकॅनिकने फक्त गाडीच्या मागे जाऊन उभं राहायचं होतं, माझी झोप वाचली असती.

शोधायचं ते इंजिन पूर्ण गार असताना, टॉर्च घेऊन. ऑइल खाली ओघळतं आणि वारा त्याला मागे ढकलतो, त्यामुळे सगळ्यात ओली दिसणारी जागा बऱ्याचदा फसवते, सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधायची. माझ्याकडे टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला धूळ ओली होऊन काळी चिकट रेघ झाली होती, आणि बरोबर तिच्या खाली मॅनिफोल्डच्या पत्र्यावर खरपुडीसारखा तपकिरी डाग. खात्री नसेल तर सगळं फडक्याने पुसून 20-30 किलोमीटर फिरवून पुन्हा बघा. नुकतंच ऑइल बदललं असेल तर आधी सांडलेलं ऑइल, ऑइल भरायचं झाकण आणि फिल्टर बघा. फिल्टर काढताना जुनी रबर रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावरच नवीन फिल्टर बसतो, हे मात्र खरंच धोक्याचं आहे, प्रेशरने बघता बघता सगळं ऑइल बाहेर येऊ शकतं.

माझं जुनं पॅकिंग हातात घेऊन वाकवलं तर कट्कन तुटलं. रबर सीलचं काम दाबल्यावर उलटं दाबण्याचं, वर्षानुवर्षं तापून-गार होऊन त्याची ती स्प्रिंग जाते, ते दाबलेल्या आकारातच कडक होतं आणि फट राहते. मग लोक काय करतात, बोल्ट आवळतात. नका आवळू. कित्येक इंजिनांत या बोल्टना 8-10 न्यूटन मीटर एवढाच टॉर्क असतो, म्हणजे मनगटाचा जोर. जास्त लावला की कव्हर वाकतं नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे जातात. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं आवळत जायचं. सीलंट फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर, कारण आत निघालेला जादा सीलंट तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय पॅकिंग बदलू नका. पिस्टनच्या बाजूने खाली निसटलेला गॅस त्यातून बाहेर जातो, तो चोक झाला तर आत प्रेशर साठतं आणि ऑइल जिथे जागा मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं, मग नवं पॅकिंगही काही महिन्यांत पाझरायला लागतं.

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून धूर दिसला तर मात्र थांबून इंजिन बंद करा आणि गाडीपासून लांब उभे राहा. मोकळ्या गरम लोखंडावर पडलेला थेंब बहुतेक वेळा नुसता धूर होऊन जातो, पण ऑइल पिऊन बसलेला इन्सुलेशनचा कापूस किंवा कचरा वातीसारखा पेटू शकतो. धूर दाट असेल तर बॉनेट उघडायला जाऊ नका, आत हवा मिळाली की भडका होतो.

पॅकिंग बदलल्यावरही माझ्याकडे पाच-सहा दिवस वास येतच होता. मॅनिफोल्डवरचं जुनं ऑइल जळून संपायला तेवढा वेळ लागला.