दुसरी सही : संस्थानांच्या विलीनीकरणाची पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९४७ च्या आत बहुतेक संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या, हे सगळ्यांना ठाऊक असते. जुनागड, काश्मीर आणि हैदराबाद या तीन अपवादांवर तर इतके लिहिले-बोलले गेले आहे, की उरलेल्या साडेपाचशेंचे पुढे काय झाले हे कुणी विचारतच नाही. खरे तर त्या पहिल्या सहीने एकही संस्थान नकाशावरून गेले नव्हते. सामीलनाम्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय होते. राजा गादीवर होता, नाक्यानाक्यावर त्याची जकात घेतली जात होती आणि तुरुंगाच्या किल्ल्याही त्याच्याच माणसांकडे होत्या. देश एकसंध झाला तो पुढच्या दोन वर्षांतल्या दुसऱ्या सहीने, म्हणजे विलीनीकरणाच्या करारावरच्या सहीने.

इतकी संस्थाने मुळात उरली कशी, याचे उत्तर १८५७ च्या उठावात आहे. त्याआधी कंपनी सरकार औरस वारस नसल्याचे निमित्त करून राज्ये खालसा करत होते. १८४८ मध्ये सातारा गेले, १८५४ मध्ये नागपूर. उठावानंतर, १८५८ च्या जाहीरनाम्यात, हे धोरण सोडून दिले गेले आणि संस्थानांचा नकाशा जवळजवळ नव्वद वर्षे गोठला. एरवी भाऊबंदकीत किंवा शेजाऱ्याच्या स्वारीत केव्हाच संपली असती, अशी कितीतरी छोटी राज्ये ब्रिटिश संरक्षणामुळे टिकून राहिली. १९३५ च्या कायद्यात संघराज्याची तरतूद होती, पण पुरेसे संस्थानिक त्यात यायला तयार झाले नाहीत आणि ती कागदावरच राहिली. मग मे १९४६ मध्ये ब्रिटिशांनी स्पष्ट केले, की ते जातील तेव्हा त्यांची सार्वभौम सत्ता नव्या सरकारकडे न जाता संपुष्टात येईल. कायद्याच्या भाषेत पाहिले तर चार खेड्यांचा ठाकूरही त्या दिवशी स्वतंत्र होणार होता.

दक्षिण महाराष्ट्रातली स्थिती पाहिली की या व्यवस्थेतला गुंता लक्षात येतो. सांगली संस्थान एकाच नावाखाली चालत असले तरी सहा तुकड्यांत विखुरलेले होते. राजधानी कृष्णाकाठी, मंगळवेढे पंढरपूरजवळ, शहापूर बेळगावला खेटून, तेरदाळ आणि शिरहट्टी कन्नड मुलखात. मधल्या जमिनीवर ब्रिटिशांची किंवा दुसऱ्या संस्थानिकाची सत्ता. इथल्या पटवर्धन राजघराण्यात वाटण्या होत होत मिरज थोरली आणि मिरज धाकटी, कुरुंदवाड थोरली आणि कुरुंदवाड धाकटी अशी वेगवेगळी राज्ये झाली होती. औंधने १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर उभी असलेली घटना स्वीकारून सत्ता प्रजेच्या हाती दिली, आणि ती कामगिरी मोठीच होती. पण औंध म्हणजे बहात्तर गावे. तेवढ्या उत्पन्नात रुग्णालय चालवायचे की पूल बांधायचा, हा प्रश्न चांगल्या राजालाही सुटण्यासारखा नव्हता.

हे संस्थानिकांनाही कळत होते. काही दक्षिणी संस्थानिकांनी आपापसांत संघ करून एक मोठे राज्य उभारण्याचा घाट घातला. प्रजेचे पुढारी मात्र सरळ मुंबई प्रांतात जाण्याच्या बाजूचे होते. संघ करूनही तुकडे तुकडेच राहणार होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे वाजवी होते असेच मला वाटते. विलीनीकरणाचे श्रेय दिल्लीतल्या मंत्र्याला, म्हणजे सरदार पटेलांना, आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांना दिले जाते. ते त्यांना द्यायलाच हवे, पण संस्थानासंस्थानांत वर्षानुवर्षे लाठ्या खाल्लेल्या प्रजा परिषदांच्या कार्यकर्त्यांना बाजूला ठेवून नव्हे. संस्थानिकाच्या हातात लेखणी यायच्या आधी त्याच्या पायाखालची जमीन या लोकांनी सरकवलेली होती.

डिसेंबर १९४७ मध्ये ओरिसा आणि छत्तीसगडच्या संस्थानिकांनी प्रथम विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये काठेवाडच्या दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थानांचे मिळून सौराष्ट्र झाले. ८ मार्च १९४८ रोजी कोल्हापूर वगळता दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात आली. गांधीहत्येनंतर या भागात उसळलेली जाळपोळ त्या वेळी ताजी होती, आणि एवढ्याशा राज्याला शांतता राखता येत नाही हे तिने उघड केले होते. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आले, बडोदे १ मे रोजी.

दुसरी सही फुकट मिळालेली नव्हती. तिची किंमत होती तनखा, म्हणजे राज्य सोडल्याबद्दल संस्थानिकाला सरकारकडून दरसाल मिळणारी रक्कम, आणि या सबंध इतिहासात सर्वांत जास्त वाद झाला तो तिच्यावरच. हिशेब साधारण असा होता : संस्थानाच्या पहिल्या एक लाख वार्षिक उत्पन्नावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, त्यावर साडेसात टक्के, आणि कमाल मर्यादा दहा लाख रुपये. अकरा मोठ्या संस्थानांना या मर्यादेतून सूट मिळाली. हैदराबादचा तनखा ५० लाख ठरला, बडोद्याचा साडेसव्वीस लाख, ग्वाल्हेरचा २५ लाख. दुसऱ्या टोकाला सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या राजाला वर्षाला १९२ रुपये मिळत. तनख्यावर प्राप्तिकर नव्हता, आणि त्याची हमी राज्यघटनेच्या २९१ व्या कलमात दिलेली होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये गृहमंत्री पटेलांनी घटना समितीत या तरतुदीचे समर्थन केले. रक्तपात न होता जे मिळाले त्याच्या मानाने ही रक्कम मोठी नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

वीस वर्षांनी हाच तनखा डोळ्यांत खुपू लागला. दुष्काळ, महागाई आणि समाजवादाची भाषा यांच्या माऱ्यात माजी राजांची बाजू घेणे सोपे नव्हते. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली, आणि दोन तृतीयांश बहुमताला एका मताहूनही कमी पडून ती फसली. त्यानंतर सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता एकदम काढून घेतली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरवला. १९७१ च्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळाल्यावर सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तनखे संपले.

तनखे जाणे अटळ होते. जन्मावर मिळणारा करमुक्त पैसा प्रजासत्ताकात फार काळ टिकणे शक्य नव्हते. पण ज्या हमीवर राज्ये मिळवली, ती मोडताना आधी वाटाघाटी पुऱ्या व्हायला हव्या होत्या, टप्प्याटप्प्याने कपात करता आली असती. संसदेत हरल्याबरोबर आदेश काढणे ही कृती कुठल्याही निकषावर समर्थनीय नाही. यात राजांची दया येण्याचा प्रश्न नाही. सरकारने दिलेला शब्द बहुमताच्या आकड्यावर फिरवता येतो, असा पायंडा यातून पडला.

मुलखाची उस्तवारी तोवर केव्हाच आटोपली होती. १ एप्रिल १९५० पासून संस्थानांच्या रेल्वे आणि केंद्राच्या अखत्यारीतले कर दिल्लीकडे गेले. सांगलीचे तुकडे ज्या त्या जिल्ह्यात पडले. मंगळवेढे सोलापुरात गेले, सांगली शहर नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळाले. शहापूर मात्र बेळगावबरोबर १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, आणि त्या भागावरचा महाराष्ट्र सरकारचा दावा सर्वोच्च न्यायालयात अजून चालू आहे.