टाका दिसावा म्हणून खिडकी

जुन्या ऐतिहासिक इमारतीतल्या आलिशान फ्लॅटची जाहिरात बघा. उंच छत, भिंतभर खिडक्या, उघड्या विटा आणि मधोमध उभे लोखंडी खांब या गोष्टी तिच्यात हमखास असतात. यांतली एकही कुणाच्या ऐषआरामासाठी केलेली नव्हती. छत उंच, कारण मालाची थप्पी लागायची. खांब त्या मालाच्या ओझ्यासाठी. आणि विजेचे दिवे यायच्या आधी शिवणाऱ्याला टाका दिसायला हवा, म्हणून खिडक्या मोठ्या.

या घरांची गोष्ट न्यूयॉर्कच्या सोहो भागातून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, दर्शनी भागांच्या इमारती रांगेने उभ्या राहिल्या. बीड दाब उत्तम सोसतं, त्यामुळे खांब सडपातळ ठेवून मधली सगळी जागा काचेला देता यायची. ओतशाळांचे कॅटलॉग असत. मालकाने कमानी आणि खांब निवडायचे, ते जागेवर आणून बोल्टने जोडायचे आणि वर दगडासारखा रंग फासायचा. पुढे १९७० च्या दशकात या इमारती वाचवण्यासाठी झटणाऱ्या मार्गो गेल लोकांना चक्क लोहचुंबक वाटायच्या. चिकटलं तर बीड, नाही तर दगड!

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे कारखाने बाहेर गेले. मागे राहिली ती छोटी वर्कशॉप, चिंध्या आणि रद्दीची गोदामं. आगी इतक्या लागत की बंबवाले या भागाला ‘नरकाची शंभर एकरं’ म्हणत. त्यात शहराचे बडे नियोजक रॉबर्ट मोझेस यांचा दहापदरी रस्ता इथूनच जाणार होता. उद्या पाडली जाणारी इमारत आज कोण दुरुस्त करणार? भाडी पडली, आणि शिरले ते चित्रकार नि शिल्पकार. पण जागा रिकामी पडली नि कलाकार आले, ही नेहमीची गोष्ट अर्धीच खरी आहे. १९६३ साली नगररचनातज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांनी या भागाची पाहणी केली, तेव्हा तिथे अजून हजारो लोक कामाला होते आणि त्यांत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन कामगार मोठ्या संख्येने होते. जाहिरातीत त्यांचा उल्लेख येत नाही.

कायद्याने तिथे राहणंच गुन्हा होता. १९६१ च्या सुमारास तडजोड निघाली. दारावर ‘ए. आय. आर.’ (आर्टिस्ट इन रेसिडेन्स) अशी पाटी आणि मजल्याचा आकडा लावायचा, म्हणजे आग लागली तर माणूस कुठे शोधायचा हे बंबवाल्यांना कळेल. याच पत्त्यावर पुढे श्रीमंत राहायला आले. शिल्पकार डोनल्ड जड यांनी १०१ स्प्रिंग स्ट्रीटची १८७० ची अख्खी इमारत १९६८ साली विकत घेतली. १९६९ मध्ये रस्त्याचा बेत बारगळला, १९७१ मध्ये महापालिकेचा दाखला असलेल्या कलाकारांना राहण्याची परवानगी मिळाली आणि १९७३ मध्ये भागाला वारसा दर्जा मिळाला. दाखला नसलेले पैसेवाले मग येतच राहिले.

हौसेचा धंदा झाला तो करसवलतीमुळे. वारसा इमारतींना अमेरिकेत १९७६ पासून सवलत होती. १९८१ मध्ये दुरुस्तीच्या खर्चाच्या २५ टक्के रक्कम करातून वजा होऊ लागली, १९८६ मध्ये ती २० टक्क्यांवर आली. मेख अशी, की ही सवलत फक्त उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेला मिळते आणि पाच वर्षांच्या आत विकली तर काही भाग परत करावा लागतो. म्हणून असे प्रकल्प बरेचदा आधी भाड्याने देतात आणि विक्रीचं नंतर बघतात.

त्यानंतर घरं होण्याची पाळी आली जुन्या ऑफिसांची. न्यूयॉर्कने १९९५ मध्ये वॉल स्ट्रीट परिसरासाठी करमाफी आणली. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये शहराच्या मध्यभागातल्या जुन्या ऑफिसांच्या आणि बँकांच्या इमारतींत घरं करताना नव्या पार्किंगची अट काढून टाकली, आणि त्या शहरात ही अट फार जाचक होती. १९२० च्या दशकातली ऑफिसं यासाठी सोयीची पडतात. तेव्हा कारकुनाचं टेबल खिडकीच्या उजेडात यावं लागे, म्हणून मजले अरुंद. ट्यूबलाइट आणि एसी आल्यावर मजले खोल झाले. त्यांच्या पोटातल्या जागेत झोपायची खोली करता येत नाही, कारण खोलीला खिडकी हवी. अशा वेळी काही जण इमारतीच्या मधोमध चौक कापून काढतात.

याचं टोक म्हणजे न्यूयॉर्कमधला १९१३ चा वूलवर्थ टॉवर. त्याचे वरचे मजले २०१२ मध्ये घरांसाठी विकले गेले. शिखरातल्या पाचमजली घराची मागणी २०१७ मध्ये ११ कोटी डॉलर होती, २०२३ मध्ये ते सुमारे ३ कोटींना गेलं. तेही आतलं काम न केलेलं, नुसत्या भिंती.