पिनबॉलचा बोर्ड का जळतो, आणि दुरुस्ती महाग का पडते

पिनबॉल म्हणजे पोलादी गोळी पट्ट्यांनी टोलवत खेळायचं यंत्र. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सचे हाल टीव्ही-फ्रिजमधल्यापेक्षा कितीतरी जास्त. सुमारे 80 ग्रॅमची पोलादी गोळी ज्या फळीवर आपटत असते, तिच्याच पोटाशी कॉइल (प्रवाह मिळताच चुंबक बनणारी तारेची वेटोळी), तारा आणि नव्या यंत्रांत तर सर्किटचे बोर्डसुद्धा बसवलेले असतात.

गोळी टोलवणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे फ्लिपरच्या, कॉइलचा रोध जेमतेम चार-पाच ओहम. तिला 50 व्होल्टच्या आसपास दाब मिळाला की क्षणभर दहा अँपिअर वाहतात. प्रवाह तोडताच चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि उलट्या दिशेचा मोठा व्होल्टेजचा झटका उसळतो. तो गिळायला एक इवलासा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. हादऱ्यांनी त्याचा पाय तुटला, तर झटका थेट कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर. जळालेला ट्रान्झिस्टर बहुतेकदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो, कॉइल तापत राहते, आणि फ्यूज कुणी जास्त क्षमतेचा घातला असेल (घालतात!) तर धूर निघतो. दोष डायोडचा, भुर्दंड तिघांचा.

जुन्या बोर्डावर हा ट्रान्झिस्टर भोकांतून पाय घालून बसवलेला असे. डाख वितळवायचा, नवा बसवायचा, झालं. स्टर्न कंपनीने 2015 मध्ये आणलेल्या ‘स्पाइक’ रचनेत फळीखाली छोटे नोड बोर्ड (जवळच्या कॉइल-दिव्यांना हुकूम देणारे) आले. तारांचं जंजाळ घटलं, पण भाग इतके बारीक आणि दाट की अनेकदा अख्खा बोर्डच बदलतात. बिघाड तेवढाच, बिल मोठं.

तरी ‘नवी यंत्रं तकलादू’ ही तक्रार मला अर्धीच पटते. विल्यम्स या कंपनीच्या नव्वदच्या दशकातल्या बोर्डांवर तीन पेन्सिल सेल असत. ते पाझरले की क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. कित्येक बोर्ड खेळून नव्हे, नुसते पडून मेले. जुन्या बल्बांच्या प्रवाहाने कनेक्टर काळे पडत, एलईडीने तो त्रास बराच संपवला.

मला काळजी वेगळीच वाटते. विल्यम्सने 1999 मध्ये पिनबॉल बंद केलं, तरी तिच्या यंत्रांचे पर्यायी बोर्ड इतर लोक बनवतात, कारण पूर्ण सर्किट आकृत्या मॅन्युअलसोबतच मिळत. नोड बोर्डावर मात्र स्वतःचा प्रोसेसर असतो. रेषा हुबेहूब उतरवल्या तरी चिपमधला प्रोग्राम कंपनीकडेच राहतो, आणि त्याविना नवा बोर्ड यंत्राशी बोलत नाही.