अनोळखी माणसांचे झोके एका लयीत कसे येतात?

२००९ मध्ये स्टॉकहोमच्या ओडनप्लान मेट्रो स्टेशनातल्या जिन्याला पियानोच्या पट्ट्यांचं रूप दिलं होतं, पायरीवर पाय पडला की सूर वाजायचा, आणि शेजारी एस्कलेटर चालू असूनही नेहमीपेक्षा ६६ टक्के जास्त लोक जिन्याने गेले असं सांगितलं गेलं. व्हिडिओ बघितलाच असेल तुम्ही. आता हे सगळं फोक्सवॅगनच्या जाहिरात मोहिमेतलं, त्यामुळे आकडा जरा जपूनच घ्यायचा, शिवाय नव्याचे नऊ दिवस हा भाग आहेच. मला तरी त्यापेक्षा माँट्रियलचे झोपाळे भारी वाटतात.

२०११ मध्ये 'डेली तू ले जूर' नावाच्या स्टुडिओने तिथे उघड्यावर ओळीने २१ झोपाळे टांगले. झुललात की सूर वाजतो, पण काही धुना अशा आहेत की बाकीच्यांशी लय जमली तरच ऐकू येतात, एकट्याने कितीही जोर लावा, नाही म्हणजे नाही. हे डिझाइन करताना ल्यूक-अलँ जिराल्डो यांना सोबत घेतलं होतं आणि ते प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक आहेत!

पण समजा एका झोपाळ्यावर सहा वर्षांची पोरगी आणि शेजारच्यावर नव्वद किलोचे काका, यांची लय जमणार कशी? तर झोपाळा म्हणजे लंबक, आणि झोका फार मोठा नसेल तर लंबकाच्या एका फेरीचा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. लांबी २ मीटर धरली तर जाऊन-येऊन साधारण २.८ सेकंद, पोरीलाही तेवढेच आणि काकांनाही जवळपास तेवढेच (काका उंच, त्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य थोडा वर सरकतो आणि किंचित फरक पडतो, तो सोडून द्या). म्हणजे लय जुळवायचं निम्मं काम फिजिक्सनेच केलेलं असतं, उरतं ते एकाच वेळी सुरुवात करणं, आणि त्यासाठी शेजारच्याकडे बघावंच लागतं, "चला, वन टू थ्री" म्हणावंच लागतं. शहरातल्या चौकांचं कॅमेरा लावून निरीक्षण करणारे विल्यम व्हाइट हेच सांगायचे, समोर बघण्यासारखं काहीतरी असलं की अनोळखी माणसं आपापसात बोलायला लागतात.

माणसाच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या अशा रचनांमध्ये सेन्सर लावणं त्या मानाने सोपं, खरी कसोटी वेळेची. हालचालीनंतर साधारण दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर "हे मी केलं" असं वाटतं, त्याहून बराच उशीर झाला की दुसरंच कुणीतरी वाजवतंय असं वाटून माणूस पुढे निघून जातो.

अर्थात उशीर मुद्दाम केला तर त्याचीही मजा करता येते. ब्रिस्टलमध्ये २०१४ साली काही रस्त्यावरच्या दिव्यांना इन्फ्रारेड कॅमेरा (म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा) आणि प्रोजेक्टर बसवले होते, तुम्ही खालून गेलात की तुमची सावली रेकॉर्ड व्हायची आणि नंतर येणाऱ्या माणसासमोर जमिनीवर सोडली जायची, म्हणजे माणूस गेला तरी त्याची सावली तिथेच फिरतेय. इन्फ्रारेडच का, तर प्रोजेक्टरचा उजेड आपल्याला दिसणारा असतो, साधा कॅमेरा ती प्रोजेक्ट केलेली सावलीही माणसाबरोबर टिपत बसला असता. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला मात्र ती जवळपास दिसतच नाही, त्याला दिसतो फक्त दिव्याखाली आलेला खराखुरा माणूस.