अंग धरलं, पण वजन पाहिलंत का?

घरातला तरुण मुलगा झोपेनासा होतो, जेवण टाकतो, कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे म्हणून दार लावून बसतो. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात किंवा चिपळूणला एखाद्या डॉक्टरांकडे नेलं की गोळ्या सुरू होतात, आणि दीड-दोन महिन्यांत तो माणसात येतो. बसलेली गालफडं भरतात. शेजारची काकी म्हणते, "अंग धरलंन हो पोरानं!" आणि आईच्या जिवात जीव येतो. हा आनंद खरा आहे, त्यावर विरजण घालायचं काहीच कारण नाही. फक्त याच दिवसांत वजनकाट्यावर कुणी उभं करत नाही, आणि ते करायला हवं.

आजारात उतरलेलं वजन भरून येणं वेगळं आणि गोळीमुळे चढणारं वजन वेगळं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांवरच्या नव्या पिढीच्या औषधांमध्ये ओलँझापिन आणि क्लोझापिन वजन सर्वांत जास्त वाढवतात. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन मधल्या फळीत येतात. ॲरिपिप्राझोल आणि लुरासिडोनने वजन त्यामानाने कमी वाढतं. व्हॅल्प्रोएट हे या गटातलं औषध नव्हे, पण वजन तेही वाढवतं. आधी कधीच अशी गोळी न घेतलेल्या तरुणांमध्ये वाढ सर्वांत वेगाने होते आणि तिचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच होतो.

हे होतं कशामुळे? ही औषधं मेंदूत डोपामिन या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन जिथे जोडलं जातं त्या जागांवर, काम करतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही ग्राहीही ती अडवतात. भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये हे झालं की पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. रात्री जेवून उठलेला मुलगा अकरा वाजता पुन्हा भाताचा टोप उघडतो. घरचे म्हणतात, खादाड झालाय, जिभेवर ताबा नाही. मला हे बोलणं फार लागतं, कारण त्याची भूक खरीखुरी असते आणि ती औषधाने लावलेली असते. त्याला लाज वाटायला लावली की तो एकच सोपा उपाय शोधतो, गुपचूप गोळी टाकून देण्याचा.

साखरेचं गणित आणखी वेगळं आहे. यातली काही औषधं स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्यात थेट अडथळा आणतात आणि शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमताही कमी करतात. त्यामुळे वजन फारसं न वाढताही एखाद्याची साखर वाढू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकात मधुमेहाचा इशारा घालायला लावला. पुढच्याच वर्षी तिथल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी मिळून तपासणीचं वेळापत्रक ठरवलं. ते आजही उपयोगी आहे आणि घरच्या वहीत सहज मावतं.

गोळी सुरू करताना वजन, उंची, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) यांची नोंद करायची. वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी. साखर, रक्तदाब आणि लिपिड बाराव्या आठवड्याला पुन्हा, नंतर निदान वर्षातून एकदा. आपल्याकडे मधुमेह बारीक अंगकाठीतही होतो, म्हणून भारतीयांसाठी घेराची मर्यादा कमी धरतात: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर.

घेर मोजायचा तो पँटच्या पट्ट्यावर नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचं हाड हाताला लागतं, त्यांच्या मधोमध शिंप्याची टेप आडवी, सगळीकडून सारख्या उंचीवर लावायची. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढू द्यायचं नाही आणि टेप आवळायची नाही.

सुरुवातीच्या वजनात पाच टक्के वाढ झाली, की सावध व्हायचं. समजा, सुरुवातीला वजन ५८ किलो आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे २.९ किलो. वहीत ६१चा आकडा आला, की पुढच्या तारखेची वाट न पाहता वही डॉक्टरांपुढे ठेवा. या टप्प्यावर त्यांच्या हातात बरंच काही असतं. आजार बघून ते औषध बदलू शकतात, मात्रेचा विचार करू शकतात किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी जोडू शकतात. पंधरा किलो वाढल्यावर हेच सगळं अवघड होऊन बसतं.

उपाशीपोटी तपासणी वाडीवरच्या माणसाला जड जाते. पहिली एसटी पकडून तालुक्याला पोचेपर्यंत दहा वाजतात, आणि तोवर कुणीतरी चहा-बिस्किट पुढे केलेलं असतं. अशा वेळी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करता येईल का ते विचारा, त्याला उपाशी राहावं लागत नाही. रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रातही पाहून घेता येते. मानसिक आजाराची चिठ्ठी घेऊन तिथे जायला संकोच वाटू देऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर कोकणातलं जेवण शत्रू नाही. बांगड्याचं कालवण, कुळथाचं पिठलं, पावसाळ्यातल्या रानभाज्या खुशाल खाव्यात. भाताचा दुसरा-तिसरा वाढा, साखरेचा चार-चारदा चहा, फरसाण आणि कोल्ड्रिंकची बाटली इथे हात आखडा. एकट्याच्या ताटात पथ्य वाढण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनीच तसं जेवलेलं बरं.

बायपोलरवर लिथियम हे औषध घेणाऱ्यांची बाब निराळी. वजन त्यानेही वाढू शकतं, पण रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड, मूत्रपिंड आणि कॅल्शियम वेळोवेळी तपासावं लागतं. मे महिन्यात आंब्याच्या बागेत दिवसभर घाम गाळून पाणी कमी पडलं, वर अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं, तर लिथियमची पातळी धोक्यापर्यंत चढू शकते. हात थरथरणं, तोल जाणं, उलट्या-जुलाब ही त्याची लक्षणं.

हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी भरतं आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, हे खरंच. पण २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या फिनलंडच्या मोठ्या अभ्यासात दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, आणि सर्वांत कमी क्लोझापिनवर, ज्याने वजन एवढं वाढतं. गोळीबद्दल शंका आली आणि डॉक्टर लांब असले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

मात्र सारखी तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास आणि गुंगी अशी लक्षणं एकत्र दिसली, तर फोनवर वेळ घालवू नका. त्याच तासाला रुग्णालय गाठा, कोणत्या गोळ्या चालू आहेत ती चिठ्ठी दाखवा आणि साखर लगेच तपासायला सांगा.