पाठीवरचे उंचवटे आणि मऊ पडलेलं कवच: कासवाच्या पिल्लाच्या वाढीतले दोन वेगळे प्रश्न

जमिनीवर राहणाऱ्या कासवाचं पिल्लू पाळलं आणि त्याच्या पाठीवर उंचवटे दिसू लागले, की पहिला सल्ला येतो तो कॅल्शियमचा. पावडर सुरू होते, उंचवटे मात्र वाढतच राहतात. उंचवटे येणं, म्हणजे पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘पिरॅमिडिंग’, आणि कवच मऊ पडणं या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. दोन्हींची मुख्य कारणं वेगळी आहेत, आणि घाईही सारखी नाही.

पिरॅमिडिंगमध्ये कवच टणकच असतं. पिल्लू चालतं, खातं, अंगाने भरलेलं असतं. फक्त पाठीवरचा एकेक खण मधोमध वर येतो आणि दोन खणांमधल्या खाचा खोल होत जातात. खूप वर्षं याचा सगळा दोष जास्त प्रथिनांना दिला गेला. आफ्रिकन सल्काटा कासवाच्या पिल्लांवरचा एक प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिल्लांना 5 महिने वेगवेगळी आर्द्रता आणि वेगवेगळं प्रथिनांचं प्रमाण देऊन वाढवलं होतं. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी जास्त उंचावल्या, आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरांत पिल्लू उष्ण दिव्याखाली, कोरड्या भुशावर ठेवलेलं असतं. काही जातींना, उदाहरणार्थ स्टार कासवाला, जंगलातही थोडे उंचवटे असतात, तेव्हा आपली जात कोणती हे आधी पाहावं.

मऊ कवचाचं दुखणं हाडांचं आहे. कॅल्शियम शोषायला डी3 जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासवाच्या त्वचेत यूव्हीबी किरणांमुळे, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांमुळे तयार होतं. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण यूव्हीबी जवळपास सगळं काचेतच अडतं. म्हणून उन्हात ठेवलेल्या काचेच्या पेटीत पिल्लाला डी3 मिळत नाही, उलट ते भाजून निघतं. यूव्हीबी देणाऱ्या दिव्याची नळीही कालांतराने निकामी होते आणि उजेड तसाच दिसत राहतो, म्हणून ठरावीक मुदतीने ती बदलावी लागते. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे रोज पालक नको. गवत, डँडेलियन (पिवळ्या फुलांचं एक रानटी रोप), जास्वंदीची पानं चालतात.

ओळखायचं कसं? पिल्लू हातात घ्या आणि पाठीवर अंगठ्याने अगदी हलका दाब द्या. नुकतं अंड्यातून आलेलं पिल्लू किंचित लवचीक असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण काही महिन्यांचं झाल्यावरही कवच दबत असेल, पिल्लू पोट उचलून न चालता ते घासत नेत असेल, पाय थरथरत असतील किंवा जबडा नरम पडून खाणं अवघड झालं असेल, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. एक्स-रे आणि रक्ततपासणीशिवाय स्वतःच्या मनाने डी3चे थेंब देऊ नका. त्याचा अतिरेक झाला तर कॅल्शियम मऊ अवयवांत साठतं.

उंचवट्यांसाठी उपाय आहे तो ओलाव्याचा. झाकलेली पेटी, दमट ठेवता येईल अशी माती, एक ओलसर लपायची जागा आणि कोमट पाण्यात रोज थोडा वेळ बसवणं. सल्काटा आणि लेपर्ड कासवाच्या पिल्लांना बरेच अनुभवी पाळणारे 70 ते 80 टक्के आर्द्रता देतात. कोरड्या भागातल्या इतर काही जातींना एवढी आर्द्रता सर्वत्र नको, पण त्यांच्या पिल्लांनाही ओलसर आडोसा हवाच. एक पथ्य मात्र कडक पाळा: दमट आणि थंड हे दोन्ही एकत्र झालं तर श्वसनाचा संसर्ग होतो, म्हणून ओलावा वाढवला तर रात्रीची ऊबही सांभाळा.

एकाच पिल्लाला दोन्ही त्रास असू शकतात, तेव्हा आधी हाडांकडे पाहा.

आलेले उंचवटे जात नाहीत. सुधारणा दिसते ती खणांच्या कडेला येणाऱ्या नव्या, फिकट पट्टीत. तिचा दर महिन्याला एकाच कोनातून फोटो काढा. ती सपाट येत असेल, तर आर्द्रता पुरेशी आहे.