एक दात, पाच अक्षरं आणि टिकल्यांचं पाकीट

उर्दू येतं म्हणजे अरबी वाचता येणारच, असा समज मुंबईत सर्रास आहे. लिपीचं कूळ एकच, हे खरं. पण उर्दू छापतात नस्तालीक वळणात, उजवीकडून खाली उतरत जाणारी. अरबी पाठ्यपुस्तकं नस्खमध्ये, सपाट रेषेवर. नजर पुन्हा बसवावी लागते. आणि खरी मेख आहे नुक्त्यांत, म्हणजे अक्षराच्या वर-खाली येणाऱ्या टिंबांत.

आपल्याकडे चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक. अरबीच्या २८ पैकी १५ अक्षरांना नुक्ते आहेत. बा, ता, था, नून आणि ‘या’ ही पाच अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आली की सगळ्यांचा आकार एकच, रेषेवरचा छोटा दात. बाला खाली एक नुक्ता, ‘या’ला खाली दोन. नूनला वर एक, ताला दोन, थाला तीन. शेवटच्या जागी नून आणि ‘या’ वेगळे दिसतात, म्हणून तिथे तीनच उरतात. दोन दात आणि शेवटी पसरट होडी, एवढ्या सांगाड्यातून ५×५×३ म्हणजे ७५ जुळण्या निघतात. बहुतेक निरर्थक, पण बैत (घर), बिन्त (मुलगी), नबत (उगवलं), थबत (टिकून राहिलं) हे चारही त्यातच बसतात.

वर्गातला खेळ इथूनच सुचतो. कार्डशीटवर बिननुक्त्यांचा सांगाडा ठसठशीत काढा आणि वरून रुंद सेलोटेप लावा, नाहीतर नुक्ता म्हणून लावलेली टिकली काढताना कागद सोलून येतो. टिकल्या काळ्या, एकाच मापाच्या; रंगीत घेतल्या तर मूल रंग लक्षात ठेवतं. चौघांचा गट. एकाच्या कानात शब्द सांगायचा, त्याने टिकल्या लावायच्या आणि ज्याने शब्द ऐकलेला नाही त्याने वाचायचा. ही दुसरी पायरी गाळली की खेळ शुद्धलेखनाचा होतो, वाचनाचा राहत नाही. स्वरचिन्हं देऊ नका: बिन्तच्या बाखाली कसरा (‘इ’ची खूण), बैतच्या बावर फतहा (‘अ’ची खूण) दिसला की नुक्त्यांकडे कुणी बघत नाही. चित्रंही नकोत, त्याच कारणाने. घड्याळ लावायचं ते तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून. आधी लावलं की मुलं अंदाज ठोकतात.

 

बिन्त-नबत चुकणारं मूल बहुधा नुक्ते मोजतं, पण वर की खाली हे बघत नाही. त्याला आधी फक्त नून आणि बाची कार्डं द्या. दोघांनाही नुक्ता एकच, त्यामुळे मोजून भागत नाही.